सुईबाईचा हात

अठरा वर्षं त्या प्रयोगशाळेत सुईबाई म्हटलं की एकच बाई डोळ्यांसमोर यायची. केसाहून बारीक काचेची सुई ती उंदराच्या डोळ्याच्या पडद्यात अशी बसवायची, की शिकायला आलेली पोरं श्वास रोखून बघत. पगार बेताचाच, पण त्या सुईवर तिचा जीव होता.

काम अंधाऱ्या खोलीत, मिणमिणत्या लाल दिव्यात चाले. पडद्यातली पहिली पेशी अंधारात एकसारखे रेणू सोडत राहते. पलीकडच्या पेशीवरची प्रथिनं ते धरून असतात, तोवर ती पेशी गप्प. उजेड पडला की रेणू आटतात, पलीकडची जागी होते आणि कागदावर लाट उमटते. सरांनी त्याच प्रथिनाला चिकटणारा एक नवा रेणू तयार केला होता. तो सोडला की उजेडातही ती पेशी गप्पच राहायची आणि लाट बसायची, नुसती सपाट रेघ. चार महिने नेमाने बसली, मग एकाएकी बसेना.

सहा आठवडे लाट जशीच्या तशी. सर आधी हसले, मग चिडले, शेवटी म्हणाले, "तुमची सुई वरवर बसतेय, पहिल्याच पेशीची लाट पकडतेय. हाताचंही वय होतं हो. सोमवारपासून दुसऱ्या कोणाला तरी देतो हे काम."

सरांचा तो नवा रेणू, म्हणजे औषध, विरघळवून बाटल्या भरायला होती तिची सख्खी वहिनी. ही नोकरी तिला हिनेच सरांच्या हातापाया पडून मिळवून दिलेली. वहिनी रोज संध्याकाळी हिचे हात मांडीवर घेऊन तेल चोळायची, "मनाला लावून घेऊ नकोस गं, होतं असं," म्हणायची. आणि ही वेडी चहाचा कप धरतानाही बोटांकडे बघत बसायची, थरथरतात का म्हणून.

शुक्रवारी तिने शेवटचा उपाय केला. त्याच प्रथिनावर बसणारा एक जुना, खात्रीचा रेणू कपाटात होता. तो तिने स्वतः मोजला, स्वतः विरघळवला आणि पडद्यावर सोडला. लाट धाडकन आडवी झाली. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. म्हणजे सुई अगदी जागेवर होती. आनंद व्हायचा सोडून तिची नजर वहिनीने भरलेल्या बाटलीवर गेली.

ती तडक बाहेर आली. "वहिनी, बाटलीत काय आहे?"

"काय म्हणजे?" म्हणता म्हणता वहिनीला रडूच फुटलं. "फ्रीजरचं दार उघडं राहिलं गं माझ्याकडून. सगळं औषध वाया गेलं. मग नुसतं मीठपाणी भरत गेले."

"सहा आठवडे? आणि वर माझ्या हातांना तेल लावत होतीस?"

"मी सांगणार होते. हेच म्हणाले, गप्प बस. तुझी नोकरी कच्ची, तिची पक्की. ती घेईल सांभाळून, लहानपणापासून घेतेच आहे."

दादा! कालच त्याने फोनवर किती मायेने विचारलं होतं, हात डॉक्टरांना दाखवू या का. वहिनीवर ती चिडली तरी होती. दादाचं ऐकून तिला रागही येईना, नुसतं भडभडून आलं. तो फसवत होता आणि ही त्याला दुवा देत होती.

तेवढ्यात सर आले. "काय, आज तरी हात ठीक आहे का?"

वहिनीने डोळ्यांनीच विनवलं. एरवी तिला गप्प करायला एवढं पुरलं असतं.

"हात पहिल्यापासून ठीक होता, सर," ती म्हणाली. "बाटलीत सहा आठवडे मीठपाणी आहे. ते कुणी भरलं हे वहिनी सांगेल. कुणाच्या सांगण्यावरून गप्प बसली, तेही तिलाच विचारा."