जुनी जागा

"काका, जुन्या जागी दोन्ही सुया जवळजवळ बसतात. मग धुतलेलं रक्त शरीरात फिरायच्या आधीच परत मशीनमध्ये शिरतं. चार तास नुसते वाया!" डायलिसिसच्या सिस्टर वैतागल्या होत्या.

"पण तिथं दुखत नाही हो! ती जागा माझ्यासारखीच निगरगट्ट झालीय," पप्पा हसले. रिपोर्ट मात्र आणखी बिघडला होता.

"सिस्टर, आज जुनी जागा सोडून वरच टोचा," लेकीनं ठणकावलं. वर्गात शिकवताना ती भल्याभल्या पोरांना गप्प करायची.

सुई नव्या जागी टेकली आणि पप्पा लहान मुलासारखे रडायला लागले. "नको गं बाळा, सांग ना त्यांना!"

पप्पांनी दुसऱ्या हातानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"जुन्याच जागी टोचा," ती कशीबशी म्हणाली.