सिस्टरचा भागाकार

"पासवर्ड नाहीच का रे कुठे?" माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसून सिस्टरनी तिसऱ्यांदा विचारलं.

चौतीस वर्षं हॉस्पिटलात काढली, म्हणून सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. त्यांचा एकुलता एक मुलगा दीड महिन्यापूर्वी गेला. आजारपणात अंथरुणावरून आईसाठी तो एका पेनड्राइव्हवर काहीबाही रेकॉर्ड करून गेला होता. पण सगळंच कुलूपबंद ठेवायची त्याला खोड.

"पासवर्डचं काम नाही, सिस्टर. दोन मोठ्या संख्या आहेत. त्यांचा गुणाकार इथे दिसतोय, सहाशे सतरा आकडी. त्या दोन सापडल्या की फायली उघडतील."

"मग शोध की!"

"गुणाकार चुटकीसरशी होतो हो. उलटं जायचं तर जगातले सगळे कॉम्प्युटर जुंपले तरी उत्तर येईपर्यंत आपण हयात नसू."

"असं कुणी सिद्ध केलंय?"

"सिद्ध नाही. आजवर कुणाला जमलं नाही, म्हणून जमणार नाही असं धरून चाललेत सगळे."

"धरून चाललेत ना? मग झालं तर!" त्यांचा चेहरा उजळला आणि मी मान खाली घातली.

कारण त्या दोन संख्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर होत्या. शाळेला द्यायचा म्हणून महिन्यापूर्वी तो त्यांनी माझ्याकडे आणला होता, पुसायला. पुसण्याआधी कॉपी काढायची आणि आठ दिवस जपायची, हा नियम माझाच. त्या दुपारी जेवायची घाई होती. वीस वर्षांत एकदाच नियम मोडला, आणि नेमकी तिथेच माती खाल्ली. सांगायला तोंड उघडेना. ती लांबलचक संख्या तेवढी छापून दिली.

पंधरा दिवसांनी त्या दोनशेपानी वही घेऊन दुकानात आल्या. पानामागून पान भागाकार. तीनने, सातने, अकराने. प्रत्येक बाकीखाली लाल रेघ.

"अहो सिस्टर, एवढ्याशा संख्यांनी नाही जायचा भाग."

"नाही तर नाही. हात रिकामे राहिले की घर खायला उठतं रे."

मग मला राहवलं नाही. "किल्ली त्या लॅपटॉपवर होती. मी पुसली. कॉपीसुद्धा ठेवली नाही."

त्यांनी वहीवरून हात फिरवला.

"तुझं तोंड बघूनच कळलं होतं त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "आणि पुसून दे म्हणणारी कोण? मीच ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

"एकशे एकने भागलंय. तपास जरा, माझी नजर चुकते हल्ली."

मी चष्मा लावून ओळ न् ओळ तपासली. बाकी सत्तेचाळीस. बरोबर होती.