बिनटाचेचे बूट आणि पट्टीसाहेब

माझ्या नातीच्या डाव्या पायाच्या करंगळीने राजीनामा दिला, तिथून हे सगळं सुरू झालं. नख गळून मोज्यात पडलं होतं. ते तळहातावर घेऊन पोरगी स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आजी, बघ गं, मी आता हप्त्याहप्त्याने घरी यायला लागलेय."

नात एका मोठ्या हॉटेलात स्वागताच्या काउंटरवर असते. तिथे खुर्ची नाही. सकाळी सातला उभी राहते ती चार वाजेपर्यंत, आणि ती पण दोन इंचांच्या टाचेवर, पुढून निमुळत्या काळ्या बुटांत. नियमच आहे तसा. तिथला मॅनेजर कोटाच्या खिशात पेनाऐवजी स्टीलची पट्टी ठेवतो आणि येता-जाता पोरींच्या टाचा मोजतो. म्हणून त्याचं नाव पट्टीसाहेब. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्याने एकदा हॉटेलच्या मांजरीला धरून तिची टाच मोजली होती. कमी भरली म्हणून तिला समज दिली. मांजर त्या दिवसापासून चवड्यावर चालते.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि सरळ सांगितलं, "बोटं मोकळी पसरतील असे बूट घाला. सपाट, पातळ तळाचे, अनवाणी चालल्यासारखे वाटले पाहिजेत. नाहीतर या अंगठ्याचं हाड वर्षभरात कापायला याल."

दुसऱ्या दिवशी नात साधे सपाट बूट घालून गेली. पट्टीसाहेब म्हणाला, "सपाता घरी घालायच्या. सोमवारी नीट बूट दिसले पाहिजेत, नाहीतर तुम्ही मागे धुलाईत."

आता धुलाई म्हणजे काय, ते ऐका. तळघरात, बिनखिडकीची खोली, वाफ, आणि चादरींच्या घड्या. पोरीने तीन वर्षं तिथे काढली. संध्याकाळी शिकून चार भाषा बोलायला लागली, तेव्हा कुठे वर आली. दारातून माणूस आत आला की त्याला आधी पाणी हवंय की खोली, हे ती चेहऱ्यावरून ओळखते. ती जागा तिची आहे.

"आजी," ती म्हणाली, "मी चादरींत परत जाणार नाही. आणि त्या बुटांतही जाणार नाही."

"मग कुठे जाणार?"

"बाजारात. कोट घाल."

पहिल्या दुकानात बूट असे टोकदार की त्यांनी लिफाफे फोडावेत. दुकानदार गोड हसून म्हणाला, "बाईचा पाय कसा, नाजूक दिसायला हवा."

मी म्हटलं, "अहो, हिला बोटं पाच आहेत. यात एकच मावतंय. बाकीची चार तुमच्याकडे ठेवून जाऊ का?"

दुसऱ्या दुकानात मोकळे बूट होते, अगदी डॉक्टरीणबाईंनी सांगितले तसे. पण रंग पोपटी, आणि प्रत्येक बोटाला वेगळी खोळ. ते घालून काउंटरवर उभं राहिलं असतं, तर पाहुण्यांनी तळं कुठे आहे विचारलं असतं. फोनवर मात्र नातीला एक जोडी सापडली. काळी, देखणी, पुढून रुंद. पोचायला सहा आठवडे. आमच्याकडे होते पाच दिवस.

म्हणून आम्ही बाजाराच्या मागच्या गल्लीत बूटवाल्याकडे गेलो. हा नाटकमंडळींचे बूट हाताने करतो, आणि मी शिंपीण म्हणून मला ओळखतो. इतका तिरसट, की त्याच्या दुकानात माशीसुद्धा विचारून बसते.

त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "टाच नाही, टोक नाही, तळ नाही. मग बूट कशाला म्हणायचं? पाय काळा रंगवा आणि जा."

"काका, तुम्हाला जमणार नाही का?" नातीने विचारलं.

"माझे सगळे फर्मे टोकदार आहेत." फर्मा म्हणजे तो लाकडी पाय, ज्याच्यावर चामडं ताणून बूट बनवतात. भिंतीवर शंभर तरी टांगलेले होते, आणि त्यातल्या एकाचाही आकार माणसाच्या पायाचा नव्हता.

मी उठले. "चल पोरी. पलीकडच्या गावचा तो म्हणालाच होता, की यांना जमायचं नाही."

"कोण तो?"

"आहे एक. एका पायाने चामडं धरतो आणि दुसऱ्याने शिवतो. हात रिकामे असतात, म्हणून तेवढ्यात पेटी वाजवतो."

"शिंपीणबाई, थापा मारू नका," तो म्हणाला. पण हात भिंतीवरच्या फर्म्याकडे गेला होता. "पुढून चामड्याचे तुकडे चिकटवून फर्मा रुंद करता येईल. पण सांगून ठेवतो, दिसेल बदकासारखा."

इथे मात्र मी खरं बोलले. मी चाळीस वर्षं बायकांचे कोट शिवलेत. रुंद खांद्याच्या बाईला बंद गळा दिला, की ती कपाट दिसते. खोल गळा दिला, की तीच बाई वेल दिसते. "बुटालाही गळा असतोच की," मी म्हटलं. "तो खोल कापा, आणि मधोमध नको, जरा अंगठ्याच्या बाजूला कलता. वरून एक बारीक पट्टा, बाजूला एक बटण. बघणाऱ्याची नजर गळ्यावरून खाली घसरेल, रुंदीकडे जाणारच नाही."

त्याने फर्मा भिंतीवरून काढला. खडूने त्यावर रेघ मारली, पुसली, परत मारली. "माप द्या," म्हणाला.

माप मी घरी घेतलं, कारण दुसऱ्याच्या मापावर माझा विश्वास नाही. नातीला कागदावर उभं केलं, पेन्सिल फिरवली, कापलं आणि नेऊन दिलं. शनिवारी दुपारी जोडी तयार.

काय सांगू! मऊ काळं चामडं, कलता गळा, बटण तर मिरीएवढं. नातीने पाय घातला आणि चालली. फटक, फटक, फटक. पाय एकीकडे चालला, बूट दुसरीकडे. टाचेमागे माझी दोन बोटं गेली असती.

"मी कागदाबरहुकूम केलंय," बूटवाला म्हणाला. "बोटांना मोकळं हवं म्हणून वर अर्धा इंच सोडलाय. बस."

मी कागद उचलून पाहिला. शिंप्याच्या हाताला सवय असते. कापड कापताना शिलाईसाठी सगळीकडून बोटभर जादा सोडायचं. मी पायाचा कागदही तसाच कापला होता, न विचार करता. माझं बोट आणि त्याचा अर्धा इंच, दोन्ही मिळून नातीच्या पायाची होडी झाली होती.

"शनिवारी दुपारी पाय आटतात," मी म्हटलं. "आमच्या शेजारच्या बाईचे तर इतके आटले, की..."

"आजी," नात म्हणाली. एवढंच.

मग सांगितलं मी. कान लाल झाले, पण सांगितलं. बूटवाल्याने हातातला ब्रश खाली टाकला. "सगळं उसवावं लागेल. फर्मा तासावा लागेल. उद्या रविवार, मी रविवारी दुकान उघडत नाही. सोमवारनंतर बघू."

नातीने वाद घातला नाही. मोजे काढले आणि त्याच्या कामाच्या पाटावर, चामड्याच्या कातरणात, अनवाणी उभी राहिली.

"काका, कागद टाकून द्या. हा पाय. यावर करा."

त्याने चष्मा वर घेतला. अंगठा आत वळलेला, सांध्यावर लाल गाठ, करंगळी बिननखाची. त्याने गाठीवर हलकेच बोट टेकवलं.

"कुणी केलं हे?"

"बुटांनी."

तुम्हाला वाटेल, त्याला दया आली. छे! त्याला राग आला. जन्मभर बूट केलेल्या माणसाला कुणी तोंडावर सांगितलं, की तुझ्या जातभाईंनी केलेला माल असा पाय मोडतो, तर त्याला दुसरं काय होणार? भिंतीवरच्या सगळ्या फर्म्यांकडे त्याने असं पाहिलं, जणू ते चोर आहेत. "उद्या आठला ये," तो म्हणाला. "पाय घेऊन ये. आजीला नाही आणलंस तरी चालेल."

मी गेलेच. रविवारभर नात पाटावर आणि तो खाली. उसवायचं, तासायचं, ताणायचं, पायाला लावून बघायचं, पुन्हा काढायचं. मी एकदाच तोंड उघडलं, तर त्याने माझ्याकडे न बघताच म्हटलं, "शिंपीणबाई, कात्री तुमच्या पिशवीत राहू दे." संध्याकाळी नात त्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली आणि काही म्हणजे काही आवाज आला नाही.

सोमवारी मी माझा सगळ्यात भारी कोट घातला आणि पाहुणीसारखी हॉटेलच्या सोफ्यावर जाऊन बसले. नऊ वाजता पट्टीसाहेब आला. बूट पाहिले आणि चेहरा खुलला.

"वा! शेवटी आणलेत ना नीट बूट. याला म्हणतात शोभा. बाकीच्यांनी बघा जरा."

आणि मग सवयीने वाकला, पट्टी मागे टेकवली. पट्टी टेकली, पण मोजायला काही सापडेना. त्याने बाजूने पाहिलं. दुसऱ्या बाजूने पाहिलं.

"टाच कुठाय?"

"माझ्या पायाला आहे, साहेब," नात म्हणाली. "बुटाला नाही."

"पण आता तर... हे काढा. जुने घाला."

"नाही घालणार."

"मग मागे जा, धुलाईत."

"जाणार नाही. तुम्ही आत्ताच सगळ्यांसमोर म्हणालात, बूट शोभतात. मी तेच घातलेत. माझी पाळी चारपर्यंत आहे."

मी तयारच होते. मोठ्या मोठ्या वकिलातींतल्या बायका हेच बूट घालतात, अशी झकास थाप रात्रीपासून घोटून ठेवली होती. अर्धी उठलेही. नातीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी बसले.

पट्टीसाहेब लाल झाला. "ठीक आहे. तुम्ही बूट बदलेपर्यंत मी इथून हलणार नाही. इथेच उभा राहतो."

"राहा की," नात म्हणाली, आणि पुढच्या पाहुण्याकडे वळून हसली.

तर तो राहिला. काउंटरच्या शेजारी, हाताची घडी घालून. त्याचेही बूट नवेकोरे, चकचकीत, पुढून अगदी सुईसारखे. दहापर्यंत ताठ होता. साडेदहाला वजन उजव्या पायावर, पावणेअकराला डाव्यावर. अकराला त्याच्या बुटांतून वाफ निघताना मी या डोळ्यांनी पाहिली. बाराला एका पाहुण्याने लिफ्ट कुठे आहे विचारलं, तर हा नुसता हात दाखवून राहिला, पाय उचलायची हिंमत नाही. नात मात्र किल्ल्या देते, सही घेते, एका आजोबांची पिशवी उचलायला काउंटरमधून बाहेर येते, परत जाते. पाय असे टाकते, जशी घरात वावरतेय. बाकीच्या पोरी कामाच्या निमित्ताने दर पाच मिनिटांनी तिथून जायला लागल्या.

दोन वाजून दहा मिनिटांनी तो लंगडत आला आणि माझ्या शेजारी धपकन बसला. मला ओळखत नव्हता.

"काय हट्टी मुलगी आहे हो," तो म्हणाला.

"हट्टी कसली? तिचे पाय दुखत नाहीयेत, एवढंच. तुमचे दुखताहेत."

त्याने बुटातून एक टाच सोडवली. मग पुटपुटला, "उद्या लेखी समज देतो तिला."

"द्या ना. फक्त बसून लिहा."

नातीने तिथूनच हाक मारली, "साहेब, तुम्हाला पाणी पाठवू का?" आणि उत्तराची वाट न बघता दारातून आत येणाऱ्या बाईंकडे वळली. चार वाजेपर्यंत तिने एकदाही काउंटरला टेका दिला नाही. लेखी काही दुसऱ्या दिवशी आलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आलं तरी वाचायला ती तिथेच उभी असणार आहे.