रांगेतली मोकळी जागा

दीपाली मॅडम मनानं वाईट नाहीत, हे आधीच सांगते. शाळेत त्यांनी ‘आपण सारे’ नावाचा कार्यक्रम ठरवला. आमच्या वाडीत मुसलमानाचं घर एकच, आमचं. म्हणून त्या स्वतः दारात आल्या.

“शाहिस्ताला तुमच्या पोशाखात उभं करू. शिरखुर्मा तुम्ही आणा. शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत.”

धाराशिवहून भाड्यानं आणलेला चमचमता झगा त्यांनी पुढं केला. तसला कपडा आमच्या सात पिढ्यांत कुणी अंगाला लावला नसेल. मी तर रोज साडीच नेसते.

“आन् माझं लेझीम?” शाहिस्तानं विचारलं.

“ते बाकीची मुलं करतील, बाळा. तुझा मान वेगळा.”

माझी लेक शाहिस्ता चौथीत. दिवाळीपासून पुढच्या रांगेत लेझीम शिकत होती. मॅडम गेल्या आणि तिनं ताट बाजूला सारलं.

“खाती कायकू नै?” मी विचारलं, तर तोंड फिरवून बसली. माझ्या जिवाची नुसती तगमग. मॅडमना सांगावं, तर लोक म्हणणार, मान दिला तरी ह्यांची कुरकुर आहेच. तिच्या अब्बांनी एका वाक्यात विषय संपवला, “चुप बैठ. इसी गाव में रहना है.”

कार्यक्रमाच्या सकाळी झगा घालायला ती मुद्दाम मैत्रिणीच्या, शिवगंगाच्या घरी गेली. माझ्यावर रुसलीय, असं मी धरून चालले.

मांडवात सगळं गाव जमलं. पातेलं घेऊन मी टेबलामागं, शाहिस्ता माझ्या शेजारी. पोर घामानं निथळत होती. हलगी वाजली, लेझीम सुरू झालं आणि मला दिसलं, पुढच्या रांगेत एक जागा मोकळी आहे. तिथं मातीत एक लेझीम ठेवलेलं. शिवगंगा जोडीदारणीकडं वळायची, तर समोर कुणीच नसायचं.

शाहिस्ताचे पाय टेबलाखाली ताल धरत होते. माझं डोकं फिरलं. काय म्हणायचं ते म्हणू देत गाव, असं म्हणत मी तिच्या पाठीवरचे हुक काढले. झगा खाली पडला. आत शाळेचा गणवेश होता, कंबरेला लेझीमवाल्यांचा लाल पट्टा बांधलेला. मला रडू आवरेना.

“जा,” मी म्हटलं. ती पळाली.

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मॅडमचा चेहरा उतरला होता. हातातला शिरखुर्म्याचा डाव मी सोडला नाही.

साहेब मोबाइल काढून उठले. “ती मुस्लिम मुलगी कुठं गेली? फोटो राहिला तिचा.”

हलगी वाजतच होती. रांगेत कोण कुठली, ते आता मलाही धड ओळखू येईना.

मी वाटी भरून साहेबांपुढं धरली.

“माझा काढा, साहेब. मुसलमान मी हाय. ती लेझीमवाली हाय.”