नाकवालीची परीक्षा

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले चार दात आत्ता इथे पडोत!

दूध संकलन केंद्राच्या फाटकावर एक बाई बसायची. सगळे तिला नाकवाली म्हणायचे. दुधाचा डबा आला की ती झाकण उचलायची, आतली बाजू हुंगायची आणि "आत" नाहीतर "परत" एवढंच बोलायची. नाक असलं तिखट, की गाईनं परवा काय खाल्लं आणि मालकाचं बायकोशी सकाळी कशावरून वाजलं, तेही झाकणातून कळायचं. एकदा ती "परत!" इतक्या जोरात ओरडली, की रांगेतल्या शेवटच्या डब्यातलं ताजं दूध भीतीनंच फाटलं.

पण गेल्या थंडीत तिला ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. करपलेलं दूध, फिनेल, नवऱ्याचे मोजे, सगळं सारखंच. तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. झाकण नाकाशी न्यायची, पण डोळे डबेवाल्याच्या तोंडावर. नासकं दूध आणणारा कान खाजवतो, आभाळाकडे बघतो, नाहीतर फारच गोड बोलतो. "बऱ्या आहात ना?" असं कुणी विचारलं रे विचारलं, की "परत!" आठ महिन्यांत एकदाही चुकली नाही.

आणि वरून फर्मान आलं. सगळ्यांना प्रशिक्षण. तीन आठवडे वर्ग, मग परीक्षा. पास होईल तो आपल्या जागेवर, नापास होईल तो मागच्या अंगणात डबे धुवायला. आणि शिकवायला कोण? नाकवालीची धाकटी जाऊ.

दोघींचं सात वर्षं हाडवैर. नाकवालीनं भर रांगेत धाकटीचा डबा परत केला होता आणि सगळी रांग खो खो हसली होती. त्याच महिन्यात धाकटी डेअरीचा कोर्स करायला शहरात गेली. आता पांढरा कोट चढवून आली होती. घरात दोघींच्या मध्ये एकच भिंत, आणि इकडचे तिकडचे टोमणे ऐकून तिचेही पोपडे निघाले होते.

वर्गात नाकवाली मागच्या बाकावर पाय पसरून बसली.

"जाऊबाई, वही काढा," धाकटी म्हणाली.

"वही त्यांना लागते, ज्यांना नाक नसतं."

"या नळीत पाच मिली दूध, वर पाच मिली स्पिरिट. हलवायचं. कण दिसले तर दूध परत."

"खेळून झालं की भांडी आवर हो."

तीन आठवड्यांत तिनं नळीला बोट लावलं नाही.

परीक्षेला टेबलावर आठ बाटल्या, त्यातल्या तीन नासक्या. नळीनं ओळखा नाहीतर नाकानं, चालेल. बाकीचे नळ्या हलवून निघून गेले. उरल्या दोघी. बाटलीला कान नसतात, खाजवणार कशी? आणि धाकटीनं तोंडावर मास्क, भुवयांपर्यंत टोपी, पायात गमबूट. वाचायला काही ठेवलंच नव्हतं बयेनं.

मग नाकवालीनं भांडण काढलं.

पहिली बाटली उचलली. "कोट कुणाचा गं? मापाचा दिसत नाही."

"माझा आहे. तुमच्यासारखी मागून घालत नाही."

"आत," नाकवाली म्हणाली. दुसरी उचलली. "भावजींचा शर्ट परवा उलटा होता. घरात लक्ष नसतं वाटतं?"

"आमच्या घरात लक्ष द्यायला तुमचं नाक पुरेसं आहे!"

"आत." तिसरी उचलली. "शहरात जाऊन पोळी करपवायलाच शिकलीस."

धाकटी गप्प. एकदम गप्प. थोरली कधी आपटते म्हणून श्वास रोखून उभी.

"परत," नाकवाली म्हणाली.

आठच्या आठ बरोबर.

धाकटीनं कागद बघितला, मग तिला बघितलं. "बाटलीकडे एकदाही पाहिलं नाहीत. माझ्याकडेच बघत होतात." तिनं कपाटातून काहीतरी काढलं. "डोळे मिटा."

"कशाला?"

"घाबरलात?"

नाकवालीनं मिटले. नाकाखाली काहीतरी गार आलं.

"सांगा. आत का परत?"

"आत," नाकवाली छाती काढून म्हणाली. "एकदम ताजं."

डोळे उघडले तर फिनेलची बाटली.

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"आठ महिने लोकांचं दूध तोंडं बघून फेकलंत? आणि माझंही तसंच फेकलं होतंत?"

"तेव्हा नाक शाबूत होतं. तुझं दूध नासकंच होतं. आज आणलंस तर आजही परत करीन."

धाकटीनं खिडकी उघडली. मागच्या अंगणात डब्यांचा डोंगर लागला होता. "ती जागा तुमची. ब्रश उद्या देते."

नाकवालीनं डोंगर बघितला. समोरच्या दारातून फाटकाजवळची आपली खुर्ची बघितली. तिच्यावर ऊन पडलं होतं. मग तिनं नळी उचलली. "शिकव," ती म्हणाली.

आणि धाकटीनं शिकवलं, पण कसं? जीव खाऊन! "अंगठा नीट. हळू उलटी करा, ताक घुसळताय का? मोजून घाला, पाच म्हणजे पाच. परत. पुन्हा परत." चौदा वेळा. नाकवालीनं दात असे आवळले की जबडा कुरकुरला. संध्याकाळी धाकटीनं आठ नव्या बाटल्या ठेवल्या आणि स्वतः बाहेर जाऊन दार लावून घेतलं. चार नळ्यांत कण दिसले. चारही खरोखर नासक्या होत्या.

प्रमाणपत्र धाकटीनं हातात दिलं नाही, टेबलावर सरकवलं. नाकवालीनंही ते दोन बोटांत, मेलेलं झुरळ धरावं तसं उचललं. आजही दोघी बोलत नाहीत. फाटकावर आता नळ्या उभ्या ठेवायची लाकडी घोडी असते, आणि बऱ्या आहात ना विचारणाऱ्याचं दूध नाकवाली दोनदा तपासते.

सगळं खरं. एवढं एकच माझ्या पदरचं: "शिकव" असं ती म्हणालीच नव्हती. तसली ती नव्हेच. तिनं नुसती नळी पुढे केली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.