तारखांची कोरी चिठ्ठी

वाचनालयाच्या अध्यक्षांना पुस्तकाची किंमत ओळखायची एकच रीत ठाऊक होती. मागचा पुठ्ठा उघडायचा आणि आतल्या चिठ्ठीवरचे तारखांचे शिक्के मोजायचे. पाच वर्षांत एकही शिक्का नाही? पुस्तक रद्दीत! आत काय लिहिलंय हे पाहायची तसदी या गृहस्थांनी जन्मात घेतली नव्हती. तरी या उद्योगाला ते ‘संग्रहाचं मूल्यमापन’ म्हणत, आणि म्हणताना मिशीवरून हात फिरवत.

त्या दुपारी नेहमीप्रमाणे त्यांची विधवा वहिनी डबा घेऊन आली. नवरा गेल्यापासून तिच्या वाट्याला एक कोपरा, उरलंसुरलं अन्न आणि दिवसभराचं राबणं आलं होतं. वर ‘आम्ही सांभाळतो हो’ हे चारचौघांत ऐकून घ्यायचं. भाऊजी जेवत ती वीस मिनिटं मात्र तिची. मागच्या कपाटाआड ती उभ्यानेच वाचे. पुस्तक घरी न्यायला बाईमाणसाला कर्त्या पुरुषाची सही लागे. नियम अर्थातच अध्यक्षांचा.

ढेकर देत अध्यक्षांनी तपासायच्या गठ्ठ्यातलं वारसाहक्कावरचं पुस्तक उचलून ग्रंथपालबाईंसमोर धरलं. “बघा बाई, चिठ्ठी कोरी. टाका रद्दीत.”

“साहेब, इथे बसून, उभं राहून वाचतात तेही मोजायला हवं ना?” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “या पानाच्या कडा बघा, बोटांनी काळ्या झाल्यात.”

पान होतं, नवऱ्याच्या घरात विधवेचा हिस्सा किती, याचं.

“कोण वाचतं? नाव सांगा!”

बाईंनी पुस्तक मिटलं. नाव माहीत होतं, आणि सांगितल्यावर घरी काय होईल तेही.

“मी वाचते, भाऊजी.” वहिनी कपाटाआडून पुढे आली. “थोडं राहिलंय. घरी नेऊन वाचीन म्हणते.”

“आम्ही काय कमी केलंय तुम्हाला?”

“पूर्ण वाचून झालं की सांगते.”

बाईंनी सभासदाचा अर्ज काढला, कर्त्या पुरुषाच्या जागी स्वतःची सही केली.

“नोकरी जाईल तुमची!”

“गेली तर गेली,” म्हणत बाईंनी कोऱ्या चिठ्ठीवर पहिला शिक्का मारला.

वहिनी पुस्तक पिशवीत न लपवता भर रस्त्याने घरी गेली. खरकटा डबा टेबलावरच राहिला. मूल्यमापन करणारे थोर गृहस्थ त्याच्याकडे पाहत बसले. तो उचलायचा असतो हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. त्यांना हसण्याआधी आपल्या घरात वाचनालयाचं कार्ड कोणाच्या नावावर आहे, तेवढं बघून या.