दोन पानांवरची दरी

आत्याच्या अंगणातून हातगाडी नेता आली, तर बेकरीवाल्या भाच्याचा टेकडीचा अख्खा वळसा वाचणार होता. वळसा वाचला की वरच्या वस्तीत पाव गरम पोहोचणार, आणि गरम पावाला तिथे कोणी घासाघीस करत नाही. अडचण एकच. गाडीच्या खडखडाटाला वैतागून आत्याने फाटकाला कुलूप ठोकलं होतं.

भाच्याने शहरातल्या कचेरीतून दरीचा जुन्या मोजणीचा नकाशा आणला. चढाच्या तपकिरी रेघा, निळा ओढा आणि ठिपक्यांची पायवाट. ती थेट आत्याच्या अंगणात शिरत होती. दरी खरं तर दोन पानांवर विभागलेली. पण खालच्या पानावर त्याचीच बेकरी होती. ती कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं, मग त्या पानाला पैसे कशाला घाला?

गावसभेत त्याने पान पसरलं. "आजोबांच्याही आधीची वाट! ती अडवायचा हक्क कोणाला?"

"कोणालाच नाही," आत्या म्हणाली. सगळे चमकले. "मास्तर, ठरावच लिहा. नकाशातली वाट कोणीही अडवायची नाही. काय रे, चालेल ना?"

"पळेल!"

हात वर झाले. मग आत्याने पिशवीतून दुसरं पान काढून पहिल्याला कडेशी कड भिडवली. ओढा ओढ्याला जुळला. ठिपके अंगणातून निघाले, उतरले आणि भाच्याने गेल्या वर्षी बांधलेल्या भट्टीच्या खोलीतून आरपार बाजाराकडे गेले.

"अगं, तिथे भिंत आहे!"

"माझ्याकडे निदान फाटक तरी होतं."

"हे पान तू कधी आणलंस?"

"तू अर्धा नकाशा आणलास तेव्हाच. लहानपणापासून तुझं सामान अर्धंच येतं."

मास्तरांनी तडजोड सुचवली: त्याने वाट सोडावी, हिने पान गुंडाळावं. पण माघार घेतली तर आत्या जन्मभर ऐकवणार, हेही भाच्याने हिशेबात धरलं. त्याने भिंती फोडून दोन दारं बसवली.

आता वरची वस्ती आत्याच्या उघड्या फाटकातून बाजाराला जाताना भट्टीपाशी हात शेकते, पाव दाबून बघते. गाडी वर न्यायची गरजच उरली नाही.

एकूण जमाखर्च असा: एका पानाचे पैसे आत्याने भरले, दुसऱ्याचे आणि दोन दारांचे भाच्याने. वरच्या वस्तीने काहीच भरलं नाही. उलट भट्टीसमोर उभं राहून गरम पावाचा भाव पाडून घेतला.